घर पाठीमागं आहे

त्या दिवशी सकाळी दादाला न्यायला दोन माणसं स्ट्रेचर घेऊन आली. येताना नीट आली, पण जाताना त्यांना पॅसेजात वळता येईना. पॅसेज केवढा, तर समोरून कुणी आलं की आपण पोट आत घ्यायचं, एवढा. धाकटी मागून सांगत होती, उभं धरा, जरा तिरकं करा, अहो आधी पाय बाहेर काढा. पुढचा म्हणाला, "मावशी, आम्ही रोज हेच करतो." आणि रोज हेच करणाऱ्यानं असा काही हिसका दिला की स्ट्रेचरचा लोखंडी कोपरा भिंतीत घुसला आणि तळहाताएवढा टवका निघून खाली पडला.

दादानं तोंडावरचा मास्क बाजूला केला. हात उचलवत नव्हता तरी उचलला आणि त्या भोकाकडं बोट केलं. बोलायला श्वास नव्हता. धाकटीला वाटलं, भिंत खराब झाली म्हणून चिडलाय. तिचं डोकंच फिरलं. जीव जायची वेळ आली आणि ह्याला भिंतीचं पडलंय. ती म्हणाली, "भरून घेऊ ते. आधी तू मास्क लाव." दादानं मान हलवली, नाही म्हणून. मग ती मागं उभ्या असलेल्या तिच्या मुलाला म्हणाली, दादाला ऐकू जावं म्हणून मुद्दाम मोठ्यानं, "घरी आलास की पहिलं हे भोक भरून घे रे." दादानं परत मान हलवली. तोवर त्या दोघांनी त्याला जिन्यात नेलं होतं.

दुपारी चारला तो गेला. उभा जन्म एकमेकांशी भांडण्यात काढला आणि शेवटचं बोलणं काय, तर भोक भरायचं.

धाकटी म्हणजे त्याची धाकटी बहीण. एकसष्ट वर्षांची झाली, गुडघे गेले, तरी सगळी बिल्डिंग तिला धाकटीच म्हणते, कारण दादा म्हणायचा. लग्न होऊन गेली होती, पण नवरा तीन वर्षांत दुसरीकडं संसार मांडून बसला. मग ती पोराला कडेवर घेऊन भावाकडं आली ती आलीच. दादानं लग्न केलं नाही. कुणी विचारलं तर म्हणायचा, "घरात एक तोफ आहे, दुसरी कुठं ठेवू." तिनं एका लाँड्रीत तीस वर्षं इस्त्री केली. तो रंगारी. तिच्या मुलालाही त्यानंच हाताशी धरून रंगकाम शिकवलं. मुलगा आता चाळिशीचा आहे, स्वतःची कामं घेतो, पण अडलं की मामालाच फोन.

कारण दादाचं एक खास काम होतं, ते कुणालाच जमायचं नाही. जुन्या भिंतीला ठिगळ मारायचं. म्हणजे समजा कुणाच्या घरात नळ फुटला, भिंत फोडली, परत बुजवली. आता तेवढ्याच तुकड्याला रंग द्यायचाय, बाकी खोली तशीच ठेवायची. तर डब्यातला नवा रंग लावला की तो तुकडा वेगळा उठून दिसतो, कारण बाकीची भिंत उन्हानं, धुरानं, हातांनी दहा वर्षं जुनी झालेली असते. दादा नवा रंग असा कालवायचा की तो लावल्या लावल्या दहा वर्षांचा दिसायचा. पिवळ्यात चिमूटभर काळा, नखावर घेऊन तपकिरी, मग भिंतीपाशी धरून डोळे बारीक करून बघायचा. "शेड लागली," म्हणायचा. लोक मग बोटानं चाचपायचे, ठिगळ कुठं आहे म्हणून. सापडायचं नाही.

आणि ह्याच माणसानं स्वतःच्या पॅसेजाच्या भिंतीवर एकतीस वर्षं काय केलं, तर पट्टे.

चित्र म्हणायचा तो त्याला. निसर्गचित्र. खाली मातीचा पट्टा, त्याच्यावर पाण्याचा, त्याच्यावर आभाळाचा. झाड नाही, पक्षी नाही, माणूस नाही. रेघ म्हणावी अशी एक रेघ नाही, सगळं एकात एक विरघळलेलं. आणि वर्षातून एकदा, लहानपणच्या खोल्या सोडाव्या लागल्या त्या महिन्यात, ते सगळं परत वरून रंगवायचं. माती कधी तांबडी, कधी राखाडी. पाणी एक वर्षी बोटभर तर दुसऱ्या वर्षी अर्धी भिंत. रंग सगळे कामावरून उरलेले. धाकटी पाहुण्यांना सांगायची, "ह्या आभाळात दातांच्या डॉक्टरची बसायची खोली आहे, आणि ती माती म्हणजे शाळेचा संडास." पाहुणे हसायचे. दादाही हसायचा. पण रंगवायचं काही सोडायचा नाही.

तिसऱ्या मजल्यावरच्या ड्रॉइंगच्या बाई एकदा साखर मागायला आल्या आणि वाटी हातात धरून अर्धा तास भिंतीपुढं उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "काका, हे अमूर्त आहे. तुम्ही कुठं शिकलात?"

दादा म्हणाला, "जिन्याखाली, डबे कालवताना."

धाकटी आतून म्हणाली, "मूर्त असूदे नाहीतर अमूर्त, आमचं घर कुठंय त्यात ते विचारा त्याला."

हेच तिचं भांडण होतं. एकतीस वर्षं हेच.

त्याचं असं आहे. ही दोघं लहान असताना आईबापाबरोबर काच कारखान्याच्या खोल्यांत राहायची. कारखान्याच्या मागं एका ओळीत खोल्या, खोल्यांच्या मागं मोकळी जमीन, आणि पलीकडं कारखान्याचं पाणी साठून झालेलं तळं. बाप भट्टीवर होता. एक दिवस कारखान्यानं नोटीस लावली, आठ दिवसांत खोल्या सोडा, जागा विकली. आठ दिवस. बावीस वर्षं भट्टीपुढं उभं राहून ज्या माणसाच्या भुवया कधी वाढल्या नाहीत त्याला आठ दिवस. धाकटीचं रक्त आजही उकळतं. त्या साहेब लोकांची तोंडंही तिला माहीत नाहीत, पण लाँड्रीत एखादा कडक कॉलरचा शर्ट आला की ती इस्त्री जरा जास्तच दाबायची.

तेव्हा दादा तेरा वर्षांचा आणि ती सहा. निघायच्या दिवशी तिला ताप होता. आईनं खांद्यावर घेतलं, ती झोपली, आणि जागी झाली ती दुसऱ्याच गावात, दुसऱ्याच्या घरात. घर जाताना तिनं बघितलंच नाही. आणि सहा वर्षांच्या पोरीला आधीचं तरी किती आठवणार. आईच्या खांद्याचा वास आठवतो. एक थंडगार फरशी आठवते. बाकी कोरं. फोटो एकही नाही. आईबाप गेले. राहिला दादा. त्या घरात आपण होतो ह्याचा जगातला एकमेव साक्षीदार, आणि तो पट्टे मारत बसलेला.

ती विचारायची, "खिडकी डाव्या अंगाला होती ना?"

"खिडकी नव्हती."

"मग उजेड कुठून यायचा?"

"दारातून."

"दार कसं होतं?"

"दारासारखं."

"मेल्या, सांग ना नीट. रंग कोणता होता?"

तेव्हा मात्र तो म्हणायचा, "बाबांनी स्वतः रंग दिला होता दाराला. कारखान्यातून डबा आणला होता. दार रंगवलं आणि पंधरा दिवसांत नोटीस आली." मग म्हणायचा, "दाखवीन तुला."

"कधी?"

"दाखवीन."

बापानं निघताना त्या दाराला कुलूप लावलं होतं, हे मात्र दादा दर वेळी सांगायचा. दुसऱ्या दिवशी पाडणार होते, भिंती राहणार नव्हत्या, तरी बापानं कुलूप लावलं, ओढून बघितलं आणि किल्ली खिशात टाकली. ती किल्ली आजही पॅसेजात खिळ्याला आहे. जाड, काळी, आणि तिच्या कडीला वाळलेल्या रंगाचा एक थेंब, गडद हिरवा. धाकटीला वाटायचं दादाच्याच हाताचा कुठला तरी डाग. त्याच्या घरात डाग नसलेली वस्तू नव्हतीच, साखरेच्या डब्यापासून रेडिओपर्यंत.

एकदा तर ती फारच चिडली होती. लाँड्री बंद झाली त्या वर्षी. घरी येऊन बघते तर हा नव्यानं भिंत रंगवतोय, ह्या वेळी सगळं धुक्यासारखं, पाणी कुठं संपलं आणि आभाळ कुठं लागलं तेही कळेना. ती म्हणाली, "दर वर्षी पुसतोस आणि दर वर्षी मारतोस. एकदा काय ते ठरव. माती लाल होती का करडी?"

तो म्हणाला, "आठवण सरकते गं. दर वर्षी थोडी सरकते. सरकली की शेड लागत नाही. मग परत मारावं लागतं."

"आणि घर? घर का नाही येत कधी तुझ्या सरकण्यात?"

त्यानं ब्रश खाली ठेवला. तिला दंडाला धरून भिंतीपुढं उभं केलं. म्हणाला, "घर पाठीमागं आहे, धाकटे. आपण दारात उभे आहोत. दारातून कुणाला स्वतःचं घर दिसतं का?"

तिनं मागं वळून बघितलं. मागं मोरी होती. ती म्हणाली, "माझ्या पाठीमागं तुझे रंगाचे हात लागलेली बादली आहे." आणि दोन दिवस बोलली नाही.

तर असा तो. लोक भेटायला आले, म्हणाले, सुटला बिचारा. धाकटीला वाटलं ह्यांना जिन्यावरून ढकलावं. सुटला म्हणे. तो काय अडकला होता? चाळीस वर्षं पॉलिशपेपरनं दुसऱ्यांच्या भिंती घासल्या, ती सगळी धूळ छातीत भरून घेतली, तोंडाला फडकं बांध म्हटलं तर म्हणायचा, वासावरून शेड कळते. अशी शेड कळते कुठं? आणि अडकली कोण, तर ती. माझं घर तुझ्या डोक्यात होतं आणि तू ते घेऊन गेलास, असं तिला त्याला गदागदा हलवून सांगायचं होतं. मेल्या म्हणायची सवय होती तिला. आता तोंडात येतो तो शब्द आणि गिळावा लागतो.

पण खरा राग तो नाही. खरा राग भिंतीचा.

दादा गेला त्या संध्याकाळी हॉस्पिटलवाल्यांनी सांगितलं, बॉडी उद्या दुपारी मिळेल. कागद व्हायचे होते. धाकटी तिथंच बाकावर बसून राहिली आणि मुलाला म्हणाली, तू घरी जा, उद्या माणसं येतील, जरा आवर. मुलगा गेला. दुसऱ्या दिवशी दादाला घेऊन ते वर आले, ह्या खेपेला बिल्डिंगमधल्या चौघांनी धरलं होतं आणि कुठंही न घासता बरोबर वळवलं. धाकटी मागून आली. आणि पॅसेज पांढरा होता.

माती नाही, पाणी नाही, आभाळ नाही. भोक नाही. वरपासून खालपर्यंत सपाट पांढरा, हॉस्पिटलसारखा.

घर माणसांनी भरलेलं होतं. ड्रॉइंगच्या बाई आल्या, पॅसेजात थबकल्या, भिंतीला हात लावला आणि चटका बसल्यासारखा मागं घेतला. कोपऱ्यातली एक बाई म्हणाली, रंगाऱ्याचं घर, बघा कसं लख्ख ठेवलंय. ह्या बाईला धाकटी मरेपर्यंत विसरणार नाही. शेवटचं दादाला घरात आणलं तर त्याच्याच भिंतीनं त्याला ओळख दाखवली नाही.

सगळं उरकलं, माणसं पांगली. मुलगा रोज कामावरून यायचा, पॅसेजातून मान खाली घालून जायचा. चार दिवस ती त्याच्याशी कामापुरतं बोलली. पाचव्या दिवशी सकाळी तो बूट घालत होता आणि तिचा बांध फुटला.

"कुणाला विचारून पुसलंस ते?"

तो म्हणाला, "तूच म्हणालीस, भोक भरून घे."

"भोक भर म्हटलं होतं. भिंत पुसायला सांगितली होती?"

"भोक भरलं मी आधी. पुट्टी भरली, सुकू दिली. मग रंग लावायला गेलो." तो बुटाची नाडी हातात धरून तसाच बसला. "शेड लागेना, आई. तीनदा कालवली. मामाचे डबे उघडून बघितले, त्यातलंच सगळं घेतलं. ते ठिगळ पट्टी बांधल्यासारखं दिसत होतं. लोक येणार, मामाला तिथून आणणार, आणि मामाच्या घरात असलं ठिगळ. लोक म्हणाले असते, हा भाचा, ह्यालाच शिकवलं होतं त्यानं."

"म्हणून सगळंच बुजवलंस."

"काय करू मग?"

"राहू द्यायचं भोक. नाक आहे, कान आहे, एवढी भोकं घेऊन हिंडतो माणूस, भिंतीत एक राहिलं असतं तर काय बिघडलं असतं? एकतीस वर्षं भांडले मी त्या भिंतीशी. मी पुसली का कधी? मला काय पांढरा हात मारता येत नव्हता?"

आणि हे सगळं बोलताना धाकटीला आतून दुसरंच दिसत होतं. दादाचं ते बोट. तो मान हलवत होता. दोनदा हलवली. भर म्हणत नव्हता तो, भरू नका म्हणत होता. आणि तिनंच वर मोठ्यानं हुकूम सोडला होता. मुलाला बोलायचं ते खरं कुणाला बोलायचं होतं ते तिला कळत होतं, आणि म्हणून आवाज जास्तच चढत होता.

शेवटी तिनं विचारलं, "घासून मारलास का रंग?"

मुलानं वर बघितलं. दादाची शिकवण होती, ऑइलपेंटवर दुसरा रंग द्यायचा तर आधी पॉलिशपेपरनं घासायचं. न घासता मारलेला रंग म्हणजे पाहुणा, म्हणायचा तो, कधी उठून जाईल सांगता येत नाही. मुलाच्या हाताखाली कुणी न घासता रंग मारला तर तो त्याला शिव्या घालून हाकलायचा.

तो हळूच म्हणाला, "नाही. कागद घेतला होता हातात. मामाच्या भिंतीवर हात चालेना."

धाकटी उठली. दादाच्या हत्यारांच्या पेटीतून पुट्टीचा पत्रा काढला. पॅसेजात दाराच्या चौकटीपाशी, जिथं पांढरा रंग संपत होता, तिथं पत्र्याचं टोक खुपसलं आणि उचललं. दुधावरची साय यावी तसा पांढरा रंग सुटून वर आला. तिनं चिमटीत धरला आणि ओढला. हातभर लांब पट्टा निघाला. पांढऱ्याखाली आभाळ तसंच होतं. दातांच्या डॉक्टरचं.

मुलगा एक बूट घातलेला, एक काढलेला, तसाच आला. दोघांनी मिळून ओढायला सुरुवात केली. कुठं सहज निघत होतं, कुठं तुकडे पडत होते. ती अजून चिडलेलीच होती आणि त्याच्या हातून एक तुकडा फाटला तर म्हणाली, "सावकाश, राक्षसा." दोन तासांनी माती दिसली, पाणी दिसलं. जमिनीवर पांढरी लक्तरं. आणि मधे ते पुट्टीचं ठिगळ.

"हे राहू दे," मुलगा म्हणाला. "हे काढलं तर परत भोक पडेल."

"काढ."

तो काढेना, म्हणून तिनंच पत्र्यानं कोरलं. पुट्टी भुरभुर खाली पडली. मुलगा वाकला, मोबाइलचा उजेड भोकात मारला. टवका निघाला होता त्याच्या कडेला एकावर एक थर दिसत होते, कागदाच्या गठ्ठ्यासारखे. करडा, निळा, तांबडा, परत करडा. मुलगा नखानं मोजायला लागला आणि सोडून दिलं. सगळ्यात तळाशी, जिथं पुढं नुसता गिलावा लागतो, तिथं पैशाएवढा एक तुकडा होता. गडद हिरवा.

"हा रंग मामाच्या कुठल्याच कामातला नाही," मुलगा म्हणाला. "असला हिरवा आम्ही कधी मारलाच नाही कुणाकडं."

धाकटीनं खिळ्यावरची किल्ली काढली. कडीवरचा तो थेंब ओल्या फडक्यानं पुसला आणि भोकापाशी धरला. तिच्या डोळ्यांवर चष्मा नव्हता. तिनं किल्ली मुलाच्या हातात दिली आणि म्हणाली, "बघ."

मुलानं किल्ली भोकात धरली, डोळे बारीक केले. मामा करायचा तसे. मग पत्र्याच्या कोपऱ्यानं भिंतीवर हातभर खाली एक बारीक ओरखडा काढला. तळाला हिरवा. तिच्या डोक्याएवढ्या उंचीवर काढला. हिरवा. हातभर डावीकडं काढला तर हिरवा नव्हता, नुसता गिलावा. उजवीकडं तसंच. त्यानं दोन्ही हात पसरून अंतर बघितलं.

"एका दाराएवढं आहे, आई."

तिनं त्या जागेवर तळहात सपाट टेकवला.

"शेड लागली," तो म्हणाला.

धाकटीनं किल्ली त्याच्याकडून घेतली आणि परत खिळ्याला लावली. मग केरसुणी आणून पांढरी लक्तरं गोळा करायला लागली. मुलगा पुट्टीच्या डब्याकडं बघत होता, सवयच ती.

"हात लावलास तर हात मोडीन," ती म्हणाली. "आणि तो दुसरा बूट घाल. उशीर झालाय तुला."